मातृभाषेचा रकाना

फॉर्म धोंडीराम मास्तरांनी स्वतःच भरला, आणि घोळ तिथेच झाला. दुसऱ्या कोणी भरला असता तर चार ठिकाणी खाडाखोड दिसली असती आणि कोणीतरी काहीतरी विचारलं असतं. पण मास्तरांच्या अक्षरातल्या कागदावर अहिऱ्यांच्या घरात आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. नाव, धोंडीराम सखाराम अहिरे. वय, सहासष्ट. मूळ गाव, नामपूर, तालुका बागलाण. व्यवसाय, सेवानिवृत्त शिक्षक, विषय मराठी. मातृभाषा, मराठी. त्याखाली 'घरात बोलली जाणारी इतर भाषा' असा एक रकाना होता. तिथे मास्तरांनी आडवी रेघ मारली होती, तीही पट्टी लावून.

शनिवारी नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात चौघं गेले होते. मास्तर, त्यांची बायको मालनबाई, मुलगा राकेश आणि सून मनाली. चौदा एप्रिलला विहारात भाषण करताना मास्तर एका साध्या शब्दावर अडले होते, आणि लोक टाळ्या वाजवायच्या की थांबायचं या विचारात असतानाच त्यांचा उजवा हात झटके देऊ लागला होता. ती फिट होती. तपासण्यांत मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटून.

मेंदूच्या सर्जन डॉ. अंजली करंजकर मोजकं बोलणाऱ्या होत्या.

"मेंदूला स्वतःला दुखत नाही, सर. डोक्याची कातडी बधिर करतो, हाड काढेपर्यंत तुम्ही झोपेत असाल. मग तुम्हाला जागं करणार. आमची सरिता तुमच्यासमोर चित्रं धरेल, तुम्ही नावं सांगायची. तेवढ्यात मी मेंदूच्या एकेका जागेला अगदी बारीक करंट लावून बघणार. जिथे तुमची बोलती बंद होईल ती जागा सोडायची, बाकी गाठ काढायची."

"म्हणजे तोंडी परीक्षा," मास्तर म्हणाले.

"अगदी तशीच."

"छत्तीस वर्षं घेतल्या. आता देऊन बघू."

डॉक्टर हसल्या आणि फॉर्मकडे वळल्या. रेघेवर त्यांचं पेन थांबलं. "नामपूर म्हणजे अहिराणी ना? बोलता का तुम्ही?"

मास्तरांच्या आधी राकेशच बोलला. "नाही मॅडम. आमच्याकडे कोणीच बोलत नाही. बाबा मराठीचे शिक्षक."

"विचारते अशासाठी, की दोन भाषा येत असतील तर दोन्ही तपासाव्या लागतात. पुष्कळशा जागा दोन्हींच्या एकच असतात. पण एखादी अशी निघते की तिथे एक भाषा अडते आणि दुसरी चालू राहते. मी फक्त मराठी तपासली, तर दुसरीची जागा मला दिसणारच नाही. गाठीबरोबर ती निघून जाईल आणि मला कळणारही नाही."

"मराठीच तपासा," मास्तर म्हणाले.

"आणि गाठ पूर्ण काढा," राकेश म्हणाला.

मालनबाई मागच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी मांडीवरच्या पिशवीची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. मनालीने ते पाहिलं. अकरा वर्षं या घरात काढल्यावर तिला एवढं कळत होतं, की सासूबाई जेव्हा काहीच बोलत नाहीत तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं असतं.

रविवारी राखी पिंपळगाव बसवंतहून आली. ती तिथल्या शाळेत शिक्षिका. लेकीने बापाचा पेशा उचलला म्हणून मास्तरांचा जीव तिच्यावर अंमळ जास्त, हे राकेशलाही माहीत होतं आणि त्याने ते केव्हाच मान्य केलं होतं. सिडकोतल्या त्या घरात जेवायला आमरस होता. मास्तरांनी दोन वाट्या रस घेतला, हात धुतले, आणि सगळे हॉलमध्ये बसले. गुरुवारी ऑपरेशन. कोणी कधी हॉस्पिटलात थांबायचं ते ठरवायचं होतं.

"पहिले दोन दिवस मी रजा टाकतो," राकेश म्हणाला. तो अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. "शनिवारी राखी. मनालीचं पोस्ट ऑफिस सुटलं की ती संध्याकाळी डबा आणेल. आई, तू घरीच थांब. तुला तिथे बसवणार नाही."

"तो फॉर्म परत मागव," मालनबाई म्हणाल्या.

"कोणता फॉर्म?"

"कालचा. त्यातली रेघ खोटी आहे."

मास्तर टॉवेलला हात पुसत होते. "मालन," एवढंच म्हणाले. या घरात एरवी एवढं पुरायचं.

"नाही, बोलू द्या मला. हे माझ्याशी अहिराणी बोलतात. रोज. पहाटे साडेचारला उठतो तेव्हापासून सहापर्यंत. लग्न झालं त्या सालापासून."

राखीला हसू आलं. "आई, काहीतरीच काय. बाबा? अहिराणी?"

"सहा वाजेपर्यंत नवरा, सहानंतर मास्तर," मालनबाई म्हणाल्या. "तुम्ही पोरं सहाला उठायचात. तुम्हाला मास्तरच भेटले."

राकेश वडिलांकडे पाहत होता. त्याला आठ वर्षांचा राकेश आठवला. उन्हाळ्याची सुट्टी नामपूरला काढून तो परत आला होता. महिनाभर चुलत भावांबरोबर हुंदडून तोंडात तिथलीच बोली बसलेली. इकडे हॉलमध्ये हेडमास्तर चहाला आलेले, आणि हा बाहेरून धावत आला तो ओरडतच, "माले भूक लागनी!" हेडमास्तर गंमतीने हसले. वडील हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी वही दिली आणि 'मला भूक लागली आहे' हे वाक्य शंभर वेळा लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर जेवण. दुपारचे तीन वाजले होते. शेवटच्या वीस ओळींचं अक्षर बिघडलं म्हणून त्या पुन्हा लिहाव्या लागल्या. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. पुढच्या सुट्टीत राकेश नामपूरला गेला तेव्हा चुलत भावांशी पुस्तकातल्यासारखं बोलला, आणि ते त्याला 'साहेब' म्हणायला लागले. त्यानंतर त्याने तिकडे जाणंच कमी केलं.

आणि हा माणूस रोज पहाटे बोलत होता. राकेशला राग आला, आणि तो राग नेमका कुणावर काढायचा हे न कळल्यामुळे तो आईवर निघाला.

"बोलत असतील. मग? गाठीचा तुकडा डोक्यात ठेवायचा? दोन तास गप्पा मारता याव्यात म्हणून?"

"दीड तास," मालनबाई म्हणाल्या.

"आई, दादाचं बरोबर आहे," राखी म्हणाली. "समजा काही भाग ठेवला आणि तो पुन्हा वाढला, तर? तुला मराठी येत नाही असं थोडंच आहे. इतकं छान बोलतेस."

"येतं ना. बाजारात बोलते, तुझ्याशी बोलते, विहारात बोलते. ह्यांनीच शिकवलं. पण राखी, मी सतरा वर्षांची या शहरात आले तेव्हापासून आतलं जे काही बोललेय ते त्या दीड तासात बोललेय. तुझ्या वेळेला मी दोन दिवस अडले होते, तेव्हाची भीती त्यातच बोलले. माझी माय गेली तेव्हा रडले ते त्यातच. मला डॉक्टरांनी सांगितलं की हे चालतील, जेवतील, तुम्हाला ओळखतील. सगळं करतील. पण उद्या ह्यांनी माझ्याशी तुमच्यासारखं बोलायला सुरुवात केली, तर मी कोणाकडे जाऊ? मला भीती वाटते. झालं, सांगितलं."

मास्तर म्हणाले, "तिचा गैरसमज आहे. मी तसं बोलत नाही."

आता कोणाची हिंमत होणार नाही, असं राकेशला वाटलं. पण मनाली बोलली.

"मी ऐकलंय."

राकेशने मान वळवली. "तू?"

"गॅलरीचं दार आणि आपल्या खोलीची खिडकी शेजारी शेजारी आहे. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, कोणी पाहुणे आलेत. मग कळलं."

"अकरा वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल आणि बोलायचं नसेल. या घरात पुष्कळ गोष्टी तशा आहेत." मनाली सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही तेव्हा हसता. मोठ्याने नाही, पण हसता. एरवी मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नाही."

राखी आता हसत नव्हती. "बाबा, खरं आहे का?"

छत्तीस वर्षांत मास्तरांनी खोटं बोलणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं केलं होतं. मास्तरांनी टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"नाही," ते म्हणाले. "आणि विषय संपला. डोकं माझं आहे."

"डोकं तुमचं, बोलणं दोघांचं," मालनबाई उठल्या. "ठीक आहे. मग मी आजपासूनच सवय करून घेते."

मालनबाईंनी आमरसाची पातेली घासायला घेतल्यावर राखी आईमागे स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. राकेशने ड्युट्यांचा कागद एकट्यानेच पूर्ण केला.

सोमवारी पहाटे साडेचारला मास्तर नेहमीसारखे गॅलरीत येऊन बसले. कुंड्यांना पाणी झालेलं होतं. मालनबाई चहा घेऊन आल्या, कप त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. सगळं रोजच्यासारखंच.

"रातले झोप उनी का तुले?" मास्तरांनी विचारलं.

"हो, चांगली झोप लागली," मालनबाई म्हणाल्या. "आपल्याला लागली का?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "काय व्हयनं?"

"काही झालं नाही. चहात साखर अर्धाच चमचा घातली आहे. पुरेल ना?"

चूक काढायला जागा नव्हती. एकेक शब्द स्वच्छ. लग्नानंतर पहिल्या वर्षी दुसरीच्या पुस्तकावरून त्यांनी स्वतः तिला हे शिकवलं होतं. तिच्या बोलण्यात तोच सूर होता, वाक्याच्या शेवटी आवाज किंचित उचलायचा. शाळेतल्या पोरीने बाईंना उत्तर द्यावं तसं ती त्यांना उत्तर देत होती.

मास्तर चहा पिऊन आत गेले. हट्टाला ते काही कमी नव्हते. दिवसभर त्यांनी पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. संध्याकाळी हॉस्पिटलात सरिताने चाळीस चित्रं दाखवून सराव घेतला. चाळीसपैकी अडतीस पटापट आली. दोनदा अडले, 'शिडी'ला आणि 'किल्ली'ला. सरिता म्हणाली, होतं असं, ती दोन आपण काढून टाकू.

रात्री पडल्या पडल्या त्यांना जुनं आठवलं. डी.एड.ला नाशकात आले तेव्हा होस्टेलवर त्यांनी तोंड उघडलं की पोरं विचारायची, कुठला रे तू? मग गाव. मग आडनाव. मग गावात घर कोणत्या बाजूला. तीन प्रश्नांत पोचायची पोरं जिथे पोचायचं तिथे, आणि मग ताटं जरा लांब सरकायची. धोंडीरामने वर्षभर वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. दुसऱ्या वर्षी पहिलाच प्रश्न यायचा बंद झाला. आपल्या पोरांना तो प्रश्न कोणी विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. राकेशच्या शंभर ओळी त्यांच्याही लक्षात होत्या. त्या दुपारी ते स्वतःही जेवले नव्हते, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मालनला पहाटे सांगितलं होतं.

मंगळवारी पहाटे पुन्हा चहा आला.

"आज हवा बरी आहे," मालनबाई म्हणाल्या. "आपण फिरायला जाणार असाल तर टोपी घाला."

"राग उना का तुले?"

"नाही. राग कशाचा?"

"मंग काबरं बोलत नही?"

"बोलतेच आहे की. काय बोलू ते आपण सांगा. गुरुवारनंतर असंच बोलायचं आहे ना? मी म्हटलं, आधी सराव केलेला बरा. सरिता मॅडमनीही तुमचा घेतलाच ना?"

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. समोर बायको होती, कुंड्या त्याच होत्या, कप तोच. बोलतही ती होती, काळजीने बोलत होती. तरी त्यांना कोणा भल्या शेजारणीने चहा आणून दिल्यासारखं वाटलं. कवटी उघडणार याची त्यांना आजवर भीती वाटली नव्हती. आता मात्र ते घाबरले, चहा हातात तसाच राहिला.

"बोल ना वं, मालन. काही बी बोल."

मालनबाईंनी कप काढून घेतला. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. "फॉर्म?"

मास्तरांनी मान हलवली. हो.

"आते कसं वाटस?" मालनबाई म्हणाल्या, आणि पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग आपलं.

त्याच दुपारी मालनबाई आणि राकेशबरोबर हॉस्पिटलात जाऊन मास्तरांनी डॉक्टरांकडून फॉर्म मागून घेतला आणि पट्टीने मारलेल्या रेघेवर 'अहिराणी' असं लिहिलं. नोकरीत त्यांनी खाडाखोड केलेला कागद कधी पुढे पाठवला नव्हता. हा पाठवला.

डॉ. करंजकरांनी फॉर्म वाचला. "आता एक ठरवावं लागेल, सर. एखादी जागा अशी निघाली की तिथे एकच भाषा अडते, तर काय करू? जागा सोडली तर तेवढी गाठ राहील. काढली तर ती भाषा जाईल, किंवा अधू होईल. गाठ मऊ आहे, हळू वाढणारी दिसते, पण राहिलेली गाठ पुन्हा वाढूच शकत नाही असं मी सांगणार नाही."

"मराठी अडली तर काढा," मास्तर म्हणाले.

राकेश उभा होता तो खुर्चीवर बसला. "बाबा, काय बोलताय?"

"मराठी मी शिकलो होतो. गेली तर पुन्हा शिकेन. कशी शिकवायची तेही मला येतं. दुसरी मला कोणी शिकवली नव्हती. ती गेली तर कुठून आणू?"

"अगदी तशी निवड करायची वेळ मी येऊ देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्हींच्या जागा सोडेन. पण तुमचं म्हणणं लक्षात ठेवते." मग त्या सरिताकडे वळल्या. "अहिराणी तुला येते?"

"नाही, मॅडम."

ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन मनोज दारात फाइल घेऊन उभा होता. "माले येस ना, मॅडम," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "म्हणजे मला येते. मी सटाण्याचा."

मालनबाई त्याला म्हणाल्या, "मंग ओशाळस काबरं?" आणि खुर्ची पुढे ओढून चित्रांचा गठ्ठा मांडीवर घेतला. डोळ्याला डोया. केळ्याला केय. नारळाला नारय. पोरगा पळतो, पोऱ्या पयस. त्या सांगत होत्या आणि मनोज प्रत्येक चित्रामागे लिहून घेत होता. मास्तर शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी काही सुधारलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये राकेशने आईला गाठलं. "गाठ राहिली आणि वाढली, तर जबाबदार कोण?"

"मी," मालनबाई म्हणाल्या.

त्याने सहीसाठी पेन मागितलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून त्याची सही लागणार होती. राखी शाळेतून थेट आली होती. ती आईजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मीपण जबाबदार. लिहून घे हवं तर." रविवारी आपल्या बाजूने असलेली बहीण कधी पलीकडे गेली ते राकेशला कळलंच नव्हतं. त्याने सही केली आणि कोणाशी न बोलता गाडी काढायला खाली गेला.

गुरुवारी सकाळी साडेआठला मास्तरांना आत नेलं. पाच तास लागतील असं सांगितलं होतं, साडेसहा लागले. मनालीने डबा आणला होता, तो कोणी उघडला नाही. राखीने विहारातून आलेले फोन घेतले. राकेश भिंतीला टेकून उभा होता. मालनबाई बाकावर बसून होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "आत आता ह्यांची परीक्षा चालू असेल."

तीनच्या सुमाराला डॉ. करंजकर बाहेर आल्या.

"छान बोलले सर आत. मनोजला दोनदा म्हणाले, तुझा उच्चार बरोबर नाही." मालनबाईंनी डोळे मिटले. "गाठ जवळजवळ सगळी निघाली. डाळिंबाच्या दाण्याएवढा भाग सोडलाय. तिथे करंट लावला की मराठी नावं येत होती आणि अहिराणी थांबत होती. तीन वेळा तपासलं, तीनही वेळा तेच."

"म्हणजे फक्त मराठी तपासली असती तर," मनालीने विचारलं.

"तर मी तो भाग काढला असता."

"आणि तो वाढला तर?" राकेशने विचारलं.

"दर काही महिन्यांनी एमआरआय करू. गाठीचा रिपोर्ट आला की पुढचं ठरवू. वाढला तर उपाय आहेत. आज याहून जास्त सांगितलं तर ते खोटं ठरेल." मग त्या म्हणाल्या, "आणखी एक. मेंदूला सूज येते. दोन-चार दिवस, कधी काही आठवडे, बोलणं अडखळतं. जे आत येत होतं तेही येत नाही. घाबरू नका."

शुक्रवारी सकाळी अतिदक्षता विभागात एकालाच सोडणार होते. सगळ्यांनी मालनबाईंकडे पाहिलं.

"राकेश, तू जा," त्या म्हणाल्या.

"मी? आई, तू जा ना."

"माझ्याशी बोलतील ते मला माहीत आहे. तू जा."

मास्तरांच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं. डावा डोळा सुजला होता. राकेशला पाहून त्यांनी उजवा हात उचलला, आणि हात नीट उचलला गेला, तेवढ्यानेच राकेशला हायसं वाटलं. सिस्टर सलाईन बघत होती.

"बाबा, मी राकेश. कसं वाटतंय?"

मास्तरांनी तोंड उघडलं. "म… मला…" पुढचा शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा ओठ जुळवले. "मला… मला…" कपाळावर घाम आला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरी करायला लावणारा माणूस एका शब्दापुढे जाऊ शकत नव्हता, आणि ते त्याला कळत होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. लाजेने पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि एका दमात म्हणाले,

"माले भूक लागनी."

राकेश तसाच उभा राहिला. त्याला आठ वर्षांचा असताना लागलेली भूक आठवली, वहीचा वास आठवला. वडिलांनाही तेच आठवत असणार, कारण त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं आणि हात चादरीवर काहीतरी खोडत असल्यासारखा हलत होता. पाच दिवस जपलेला राग राकेशने शोधून पाहिला. तो कुठे सापडला नाही. त्याने तो हात धरला.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला. मग तीस वर्षांनी त्याने जीभ वळवून पाहिली. "माले समजनं. थांबा, खावाले लई येस."

मास्तरांनी डोळे उघडले.

"काय म्हणाले सर?" सिस्टरने विचारलं. तिच्या हातात पॅड होतं. "पेशंट पहिलं वाक्य काय बोलले ते जसंच्या तसं लिहायला सांगितलंय मॅडमनी. मला नाही कळलं."

"भूक लागलीय त्यांना."

"तसं नको, त्यांचे शब्द हवेत. मला लिहिता येणार नाही. तुम्हीच लिहा."

राकेशने पेन घेतलं. वडिलांनी घोटून घेतलेलं त्याचं अक्षर अजून चांगलं होतं. 'माले भूक लागनी,' त्याने लिहिलं. एकदाच. मग पॅड सिस्टरला परत दिलं, आईला आत पाठवलं, आणि पेज मिळते का ते बघायला खाली कँटीनमध्ये गेला.